९९९ भुते आणि एक रिकामी जागा

कादंबरीवरून चित्रपट होतो, नाटकावरून होतो, हे आपल्या सवयीचे आहे. कारण कादंबरीत आणि नाटकात गोष्ट आधीपासून असते आणि पटकथाकाराला ती एका माध्यमातून उचलून दुसऱ्यात नीट बसवायची असते. परंतु माणसे रांगेत उभी राहून ज्यात बसतात आणि आठ-नऊ मिनिटांनी उतरून बाहेर पडतात, अशा करमणूक उद्यानातल्या एका राइडवरून चित्रपट करायचा म्हणजे नेमके काय करायचे? डिस्नी कंपनीने आपल्या ‘हॉन्टेड मॅन्शन’ या भूतबंगल्याच्या राइडवरून २००३ मध्ये आणि २०२३ मध्ये असे दोनदा मोठ्या खर्चाचे चित्रपट काढले. दोन्ही चित्रपट थोडे घाबरवणारे, बरेचसे हसवणारे आणि मुलाबाळांना घेऊन पाहण्यासारखे असावेत अशी अपेक्षा होती. वाडा तयार आहे, भुते तयार आहेत, आता चार विनोदी नट घेतले की काम झाले, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात हे काम फार अवघड आहे, आणि ते का अवघड आहे हे कळण्यासाठी मूळ राइड कशी घडली तिथपासून सुरुवात करावी लागते.

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नीलँड १९५५ मध्ये सुरू झाले आणि तिथे एक भुताचे घर असावे ही कल्पना उद्यान उघडण्याच्या आधीपासून रेखाटनांमध्ये होती. पुढे केन अँडरसन या कलादिग्दर्शकाकडे हे काम आले, तेव्हा त्यांनी जे केले ते आपणही केले असते, म्हणजे त्यांनी आधी गोष्ट रचली. एका दर्यावर्दी कप्तानाची आणि त्याच्या वधूची कथा त्यांनी लिहिली, आणखीही आराखडे लिहिले. प्रेक्षकांनी लहान लहान गटांनी वाड्यात शिरायचे, एकेका दालनात थांबायचे आणि वाटाड्याच्या तोंडून ती कथा ऐकत पुढे सरकायचे, अशी ती योजना होती. वाड्याचे बाह्यरूप अँडरसन यांनी पडके आणि रंग उडालेले काढले होते, पण वॉल्ट डिस्नी यांना आपल्या स्वच्छ उद्यानात मोडकी इमारत नको होती. बाहेरून घर नेटकेच ठेवायचे आणि भुतांनी काय घालायचा तो गोंधळ आत घालावा, असे त्यांचे म्हणणे पडले. त्याप्रमाणे पांढऱ्या खांबांचा, लोखंडी जाळीच्या सज्जांचा तो सुबक वाडा १९६३ पर्यंत उभा राहिला आणि मग काही वर्षे नुसताच उभा राहिला. आत काहीच नव्हते. फाटकाबाहेर एक पाटी मात्र लावलेली होती आणि तिच्यात निवृत्त होऊ इच्छिणाऱ्या भुतांना इथे राहायला येण्याचे रीतसर निमंत्रण दिलेले होते.

हा विलंब का झाला, त्याची कारणे साधी आहेत. न्यूयॉर्कच्या १९६४–६५ च्या जागतिक प्रदर्शनाच्या कामात डिस्नींची सगळी कारागीर मंडळी गुंतली आणि १५ डिसेंबर १९६६ रोजी स्वतः वॉल्ट डिस्नी यांचे निधन झाले. पण खरा अडथळा वेगळा होता. गोष्ट सांगायची तर प्रेक्षकाला एका जागी थांबवावे लागते आणि रोज हजारो माणसे येणाऱ्या उद्यानात कुणालाच थांबवून चालत नाही. एका गटाला दालनात पाच मिनिटे उभे केले, तर बाहेरची रांग तितकी लांबते. शिवाय गटात मागे उभ्या असलेल्या मुलाला पुढचे काही दिसत नाही. ही अडचण सुटली ती ‘ऑम्निमूव्हर’ नावाच्या यंत्रणेमुळे. डिस्नीलँडमध्ये ती १९६७ मध्ये दुसऱ्या एका राइडसाठी प्रथम वापरली गेली होती. यात दोन-तीन माणसे बसतील अशा, मागून व बाजूने बंद असलेल्या बग्ग्यांची न थांबणारी साखळी रुळावरून सावकाश सरकत राहते आणि प्रत्येक बग्गी ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या दिशेला आपोआप वळते. बसणाऱ्याला दिसते ते केवळ समोरचे. त्याने कुठे पाहायचे हे तो ठरवत नाही, बग्गी ठरवते.

हे वाचताना कॅमेऱ्याची आठवण झाली असेल तर ती योग्यच आहे. हा वाडा रचणारी बहुतेक मंडळी चित्रपटाच्या कारखान्यातली होती. मार्क डेव्हिस हे डिस्नींच्या नऊ ज्येष्ठ ॲनिमेटरांपैकी एक, क्लॉड कोट्स हे ॲनिमेशनपटांची पार्श्वभूमी रंगवणारे चित्रकार आणि येल ग्रेसी हेही त्याच विभागातून आलेले. त्यांनी बग्गीला कॅमेऱ्यासारखे वळवले, एका दृश्यातून दुसऱ्यात नेले, हवे ते दाखवले आणि नको ते पाठीमागे लपवले. म्हणजे ९ ऑगस्ट १९६९ रोजी जी राइड लोकांसाठी खुली झाली, ती एका अर्थाने आधीच चित्रपट होती. फरक एवढाच की या चित्रपटात नायक नव्हता, कारण नायकाच्या जागी तुम्ही बसलेले होता. माझ्या मते पुढच्या दोन्ही चित्रपटांची सगळी अडचण या एका गोष्टीत साठवलेली आहे.

राइडमध्ये भीती आणि हसू एकत्र कसे आले, हेही पाहण्यासारखे आहे. कोट्स यांना अंधारे, न संपणारे बोळ आणि आपोआप फुगणारे दरवाजे हवे होते. डेव्हिस यांना पात्रे आणि त्यांच्या गमती हव्या होत्या, आणि राइड हे गोष्ट सांगण्याचे माध्यमच नाही, ते अनुभवाचे माध्यम आहे, असे त्यांचे ठाम मत होते. वॉल्ट हयात नसल्यामुळे या दोघांत निवाडा करणारे कुणी उरले नव्हते. शेवटी दोघांनाही वाटा मिळाला. राइडचा पहिला अर्धा भाग कोट्स यांच्या मनासारखा आहे, तिथे भुते दिसतच नाहीत, केवळ त्यांची चाहूल लागते. दुसऱ्या भागात डेव्हिस यांची भुते जेवणावळी झोडतात, नाचतात आणि स्मशानात बसून गातात. झेवियर ॲटेन्सिओ यांनी संहिता आणि गाण्याचे शब्द लिहिले आणि हे दोन तुकडे एका निवेदकाच्या आवाजाने शिवले. हा निवेदक स्वतः भूतच आहे आणि तो पाहुण्यांना सांगतो की या घरात ९९९ भुते सुखाने नांदत आहेत, हजाराव्याची जागा तेवढी रिकामी आहे, कुणी तयार आहे का? भयविनोदी म्हणून आज जो प्रकार आपण ओळखतो, त्याचा हा नमुना कुणी आखून ठरवलेला नव्हता. दोन कलावंतांच्या मतभेदातून तो निघाला, आणि तो इतका जमून आला याचे मला नेहमी नवल वाटते.

या मिश्रणाचा सर्वांत चांगला मासला म्हणजे सुरुवातीची लांबणारी खोली. पाहुणे एका आठकोनी खोलीत उभे राहतात, दार मिटते आणि खोली उंच होऊ लागते. भिंतींवर चार व्यक्तिचित्रे असतात. भिंत लांबते तसतसा चित्रांचा झाकलेला खालचा भाग उघडा पडत जातो. छत्री घेतलेली एक गोड मुलगी दिसत असते, ती दोरीवर उभी आहे आणि दोरीखाली जबडा वासलेली सुसर आहे, हे आता कळते. एक प्रसन्न चेहऱ्याची वृद्धा हातात गुलाब धरून बसलेली असते, ती नवऱ्याच्या थडग्यावर बसली आहे आणि खाली कोरलेल्या नवऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड रुतलेली आहे. ही चित्रे डेव्हिस यांची. हसावे की दचकावे हे ठरेपर्यंत दिवे जातात. मौज अशी की, या खोलीचा जन्म निव्वळ गैरसोयीतून झाला. डिस्नीलँडच्या भोवती मातीचा बांध आहे, त्यावरून उद्यानाची छोटी आगगाडी धावते आणि राइडची खरी इमारत त्या बांधाच्या पलीकडे आहे. पाहुण्यांना रुळांखालून पलीकडे न्यायचे तर आधी जमिनीखाली उतरवणे भाग होते. म्हणून ही खोली म्हणजे खरे तर एक उद्वाहक आहे. खालची जमीन पाहुण्यांसह खाली जाते आणि भिंत वर लांबल्याचा भास होतो. फ्लोरिडातील उद्यानात १९७१ मध्ये हाच वाडा पुन्हा उभारला, तेव्हा तिथे खाली उतरण्याची गरज नव्हती, तरी खोली ठेवली गेली, कारण तोपर्यंत ती लोकांची आवडती झाली होती. तिथे जमीन स्थिर राहते आणि छत वर जाते.

आता आतल्या चमत्कारांकडे येऊ. त्यांतले बहुतेक येल ग्रेसी आणि रॉली क्रम्प यांच्या कार्यशाळेत तयार झाले. क्रम्प यांनी पुढे सांगितलेला एक किस्सा असा आहे की, सफाई कामगारांना भीती वाटते म्हणून रात्री दिवे चालू ठेवून जा, अशी सूचना या दोघांना मिळाली. त्यांनी दिवे चालू ठेवले, पण कुणी आत आले की दिवे विझून भुते जागी होतील अशी योजनाही करून ठेवली. सकाळी येऊन पाहतात तो खोलीच्या मधोमध झाडू पडलेला होता.

वाड्यातील सर्वांत भव्य दृश्य नृत्यदालनाचे आहे. बग्गी सज्जावरून जात असते आणि खाली दालनात पारदर्शक भुतांच्या जोड्या वाल्ट्झच्या तालावर गिरक्या घेत असतात, क्षणात दिसतात, क्षणात विरतात. यामागची युक्ती आपण सगळ्यांनी अनुभवलेली आहे. रात्रीच्या गाडीने प्रवास करताना डब्यात दिवा असतो आणि बाहेर अंधार. खिडकीच्या काचेतून पाहिले की बाहेरच्या झाडांवर आणि खांबांवर आपलाच चेहरा तरंगताना दिसतो. तो चेहरा काचेवर नसतो. आपण काचेपासून जितके अलीकडे, तितकाच तो काचेच्या पलीकडे भासतो आणि झाडे त्याच्यातून आरपार दिसत राहतात. गाडी दिव्यांनी उजळलेल्या स्थानकात शिरली की चेहरा नाहीसा होतो. नृत्यदालनात नेमके हेच घडते. सज्जा आणि दालन यांच्यामध्ये प्रचंड काचा उभ्या आहेत. नाचणाऱ्या यांत्रिक बाहुल्या बग्गीच्या वर आणि खाली, प्रेक्षकाला न दिसणाऱ्या काळ्या खोल्यांत फिरत असतात. त्यांच्यावर प्रकाश पडला की त्यांचे प्रतिबिंब काचेत उमटते आणि पलीकडच्या खऱ्याखुऱ्या टेबलाखुर्च्यांमध्ये त्या नाचताना दिसतात. प्रकाश काढून घेतला की भूत अदृश्य. ही युक्ती १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर दाखवली होती, म्हणून तिला ‘पेपरचे भूत’ म्हणतात. मूळ कल्पना मात्र हेन्री डर्क्स या अभियंत्याची होती. डिस्नींच्या कारागिरांकडून यात एक गोष्ट निसटली. प्रतिबिंबात डावे-उजवे उलटते, त्यामुळे या जोड्यांमध्ये पुरुषाऐवजी स्त्री पुढाकार घेऊन नाचवते आहे असे दिसते. जाणकार प्रेक्षक ते आवर्जून पाहतात.

दुसरी युक्ती आपल्याला घराजवळ पाहता येते. वाड्यात दोन अर्धपुतळे आहेत, आणि तुम्ही पुढे सरकाल तशी त्यांची मान तुमच्याकडे वळते. गणपतीच्या दिवसांआधी पेणमधल्या किंवा आपल्या गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात गेलात, तर मुखाचा रिकामा साचा समोर धरून, एक डोळा मिटून, त्याच्या आतल्या बाजूकडे काही पावलांवरून पाहा. खोलगट साचा थोड्याच वेळात फुगीर मुखासारखा दिसू लागतो आणि तुम्ही डावीकडे-उजवीकडे हललात की ते मुख तुमच्या मागे वळते. जन्मभर चेहरे बाहेर आलेलेच पाहिल्यामुळे खोल चेहरा असू शकतो हे मेंदू मानतच नाही आणि आपलाच समज दृश्यावर लादतो. वाड्यातले ते पुतळे असेच भिंतीत खोल कोरलेले आहेत. त्यांच्यात एकही यंत्र नाही. काचेच्या गोलातून बोलणारे मादाम लिओटाचे मस्तक म्हणजे कोऱ्या मुखवट्यावर टाकलेला चित्रफितीचा प्रकाश आहे. चेहरा लिओटा टूम्ब्स या तिथल्याच कलाकार स्त्रीचा आणि आवाज एलिनॉर ऑडली यांचा. स्मशानात गाणारे पुतळेही याच रीतीने गातात.

आता हे सगळे पडद्यावर नेऊन पाहा. नृत्यदालनातली पारदर्शक जोडी प्रत्यक्षात पाहताना अंगावर काटा येतो, कारण समोर खरी खोली आहे, आपण खरोखर तिथे आहोत आणि तरीही डोळ्यांना जे दिसते ते असू शकत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. तीच जोडी चित्रपटात दाखवली की ती केवळ एक पारदर्शक जोडी उरते. पडद्यावर काहीही दिसू शकते हे प्रेक्षक तिकीट काढतानाच मान्य करून आलेला असतो. त्याच्या दृष्टीने पडद्यावरचा जिवंत नटसुद्धा प्रकाशाची आकृतीच असतो. म्हणजे राइडचे जे सर्वांत मोठे धन, डोळ्याला प्रत्यक्ष दिलेला चकवा, ते कॅमेऱ्यासमोर येताच विरते. दुसरे धन म्हणजे प्रेक्षकाची जागा. निवेदक राइडमध्ये तुमच्याशी बोलतो आणि हजाराव्या जागेचे आमंत्रण तुम्हाला देतो. चित्रपटात ती जागा काढून घेऊन दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागते. कुणाला द्यायची, आणि त्याला त्या वाड्यात राहण्यासाठी कोणते कारण द्यायचे? अँडरसन यांनी लिहिलेली गोष्ट बाजूला ठेवूनच राइड यशस्वी झाली होती. चित्रपटाला ती पोकळी पुन्हा भरावी लागली.

२००३ च्या चित्रपटाने ही जागा जिम एव्हर्स या घरांच्या दलालाला दिली. ती भूमिका एडी मर्फी यांनी केली आणि दिग्दर्शन रॉब मिंकॉफ यांचे होते. ही निवड मला हुशारीची वाटते. ज्याचा धंदा घरे विकण्याचा आहे, जो प्रत्येक वास्तूकडे किमतीच्या नजरेने पाहतो, त्याला अशा घरात अडकवायचे की जे त्याला सोडायला तयार नाही. कामाच्या नादात कुटुंबाला वेळ न देणारा हा माणूस सुट्टीवर निघालेला असताना बायको-मुलांना घेऊन वाटेत ग्रेसी घराण्याच्या वाड्यावर थांबतो, वादळात अडकतो आणि मग कळते की वाड्याचा मालक कधीच मेलेला आहे. जिमची पत्नी सारा म्हणजे आपली गेलेली प्रेयसी एलिझाबेथच आहे, अशी या मालकाची समजूत झालेली आहे. एलिझाबेथच्या मृत्यूमागे मालकाच्या कारभाऱ्याचा हात असतो, कारण हा विवाह त्या घराण्याला बुडवील असे त्याला वाटत असते. टेरेन्स स्टॅम्प यांनी उभा केलेला तो थंड, शिष्ट कारभारी चित्रपटातला सर्वांत भीतिदायक जीव आहे आणि प्रेक्षकाला घाबरवण्यासाठी त्याला कोणत्याही यांत्रिक चमत्काराची गरज पडत नाही. मालकाचे ग्रेसी हे आडनाव येल ग्रेसी यांच्याकडून आलेले आहे.

गाणारे पुतळे, काचेच्या गोलातली मादाम लिओटा, नृत्यदालन, स्मशान असे राइडमधले बरेच काही या चित्रपटात आहे. तरीही ती ठिकाणे ओळखण्याचा आनंद मिळतो आणि तेवढ्यावरच काम थांबते. त्याचे कारण मला कथेच्या रचनेत दिसते. भूत म्हणजे वासना राहिलेला जीव, ती पुरी झाली की त्याला मुक्ती, ही कल्पना आपल्याला आजी-आजोबांच्या गोष्टींतून चांगली परिचित आहे, आणि हा चित्रपट नेमका त्याच वाटेने जातो. खरे काय घडले ते उघड होते, प्रेमिकांची भेट होते, शाप उठतो आणि भुते मुक्त होऊन निघून जातात. गोष्ट म्हणून हे सरळ आहे. पण राइडमधल्या भुतांना मुक्ती नकोच आहे. ती हौसेने इथे राहायला आलेली आहेत, निवृत्तीचा काळ मजेत घालवत आहेत आणि आणखी एकाची वाट पाहत आहेत. त्या ९९९ जणांना एका प्रेमकथेच्या मागे गर्दीसारखे उभे केले आणि शेवटी वाडाच रिकामा केला, तर ज्यासाठी लोक त्या वाड्यावर प्रेम करत होते तेच संपते.

विशेष म्हणजे त्याच वर्षी, जुलै २००३ मध्ये, डिस्नींनी ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या दुसऱ्या राइडवरून चित्रपट आणला होता. १९६७ ची ती राइडही दृश्यांची मालिकाच होती, पण चित्रपटकारांनी त्यातली चाच्यांची दुनिया तेवढी घेतली, गोष्ट संपूर्ण नवी रचली आणि राइडमधल्या खुणा जाता जाता पेरल्या. त्या चित्रपटाने जगभरात सुमारे ६५ कोटी डॉलर मिळवले. नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘हॉन्टेड मॅन्शन’ने सुमारे ९ कोटींच्या खर्चावर सुमारे १८ कोटी डॉलर मिळवले. समुद्र मोकळा असतो, त्यात जहाज कुठेही नेता येते; वाड्याला चार भिंती असतात, हाही त्या दोन चित्रपटांतला फरक आहेच.

दुसऱ्या प्रयत्नाला वीस वर्षे लागली. २०१० मध्ये दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांच्या नावाने नवा चित्रपट जाहीर झाला, पण तो त्यांच्या हातून झाला नाही. अखेर २०२३ मध्ये केटी डिपोल्ड यांची पटकथा आणि जस्टिन सिमियन यांचे दिग्दर्शन असलेला चित्रपट आला. सिमियन यांनी विद्यार्थिदशेत डिस्नीलँडमध्ये नोकरी केली होती आणि ते चित्रपटात जाणवते. डिस्नीलँडमधला वाडा उद्यानाच्या न्यू ऑर्लिन्स चौकात आहे, म्हणून कथा न्यू ऑर्लिन्स शहरात ठेवली आहे. तिथे अंत्ययात्रेतही वाद्ये वाजवत, नाचत जाण्याची रीत आहे, त्यामुळे मृत्यूकडे हसत पाहणारी गोष्ट या शहरात उपरी वाटत नाही.

या पटकथेचे मोठे यश माझ्या मते असे की तिने राइडमधली दालने उचलण्याऐवजी राइडचे नियम उचलले. राइडच्या शेवटी आरशांसमोरून जाताना तुमच्या बग्गीत शेजारी एक भूत येऊन बसलेले दिसते आणि ते तुमच्याबरोबर घरी येईल असा इशारा दिला जातो. चित्रपटात हाच नियम कथेचे इंजिन होतो. वाड्याचा उंबरा एकदा ओलांडला की एक भूत तुमच्यामागे घरापर्यंत येते आणि परत वाड्यात आल्याशिवाय तुम्हाला स्वस्थता लाभत नाही. भुताच्या चित्रपटांबाबत प्रेक्षकाचा जो जुना प्रश्न असतो, की ही माणसे घर सोडून पळून का जात नाहीत, त्याचे उत्तर इथे राइडनेच दिले आहे. दुसरा नियम हजाराव्या जागेचा. वाड्यातल्या दुष्ट शक्तीला एक जीव कमी पडतो आहे, आणि तो जीव स्वतःच्या इच्छेने आलेला असावा लागतो. मग स्वेच्छेने मरणाकडे वळेल असा माणूस कोण? जवळचे माणूस गमावलेला आणि त्या दुःखातून बाहेर न आलेला. म्हणून नायक बेन हा पत्नी गमावलेला खगोलभौतिकशास्त्रज्ञ आहे आणि वाड्यात राहायला आलेला छोटा ट्रॅव्हिस वडिलांना गमावलेला आहे. निवेदकाचे ते हलकेफुलके ‘कुणी तयार आहे का?’ इथे खरोखर काळजाला भिडणारा प्रश्न बनते, आणि लाकीथ स्टॅनफील्ड यांनी बेनचे दुःख ज्या संयमाने साकारले आहे त्यामुळे तो प्रश्न पोकळ वाटत नाही. शेवटी वाडा रिकामाही होत नाही. काही भुते राहणे पसंत करतात आणि माणसांना त्यांची सोबत होते.

अडचण दुसऱ्या बाजूने आली. हसू, भीती आणि शोक या तिन्हींचा तोल एका कौटुंबिक चित्रपटात सांभाळणे कठीण आहे. २००३ च्या चित्रपटाला अमेरिकेत ‘पीजी’ म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याचे प्रमाणपत्र होते, तर २०२३ च्या चित्रपटाला ‘पीजी-१३’, म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांना अधिक सावध करणारे. राइडमध्ये भीतीचा अर्धा भाग आधी आणि हसण्याचा नंतर, अशी सोय होती, त्यामुळे रडवेले झालेले मूल उतरताना हसत उतरते. दोन तासांच्या चित्रपटात अशी सरळ वाटणी करता येत नाही, प्रत्येक प्रसंगात हे मिश्रण नव्याने कालवावे लागते, आणि काही ठिकाणी विनोद शोकाच्या अंगावर येतो हे मान्य केले पाहिजे. शिवाय चित्रपट जुलैच्या अखेरीस, ‘बार्बी’ आणि ‘ओपनहायमर’ यांच्या पाठोपाठ आठवडाभरात प्रदर्शित झाला आणि नटसंघटनेचा संप सुरू असल्यामुळे कलाकारांना प्रसिद्धीही करता आली नाही. भुताचा चित्रपट ऐन उन्हाळ्यात का आणला, हे मला आजही उमगलेले नाही. सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून त्याने सुमारे ११.७ कोटी डॉलर गोळा केले, आणि त्यातलाही मोठा वाटा चित्रपटगृहांकडे जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे तोट्याचा अंदाज येतो.

उलट दिशेचा प्रवास आपल्या जवळच पाहायला मिळतो. खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटावरून केलेली राइड आहे. तिथे पात्रे आणि गोष्ट प्रेक्षकाला आधीच पाठ असते, राइडने त्याला त्या जगात नेऊन बसवले की पुरते. चित्रपटाची राइड करताना प्रेक्षकाला जागा द्यायची असते आणि राइडचा चित्रपट करताना ती काढून घ्यायची असते. पहिले काम सोपे का जाते हे यावरून लक्षात येईल.

२०२३ च्या चित्रपटातला खलनायक कोण, हे सांगायचे राहिले. हातात टोपीची पेटी धरलेले, काठीवर वाकलेले हे भूत १९६९ मध्ये राइडच्या माळ्यावर उभे केले होते. त्याचे मस्तक धडावरून नाहीसे व्हावे आणि हातातल्या पेटीत दिसावे, असा बेत होता. पण बग्ग्या त्याच्या फार जवळून जात आणि आजूबाजूच्या दिव्यांचा उजेड मस्तकावर पडत राहिल्याने ते पुरते अदृश्य होईना. राइड सुरू झाल्यावर थोड्याच काळात ते काढून टाकले गेले. ज्यांनी ते प्रत्यक्ष पाहिले अशी माणसे मोजकीच होती, तरी जुन्या छायाचित्रांच्या आधारे चाहत्यांनी त्याची आठवण पंचेचाळीस वर्षे जपली, आणि २०१५ मध्ये नव्या तंत्राने मस्तक व्यवस्थित नाहीसे करून डिस्नीलँडने ते परत आणले. चित्रपटाने त्याला ॲलिस्टर क्रम्प हे नाव दिले. त्यातले क्रम्प हे आडनाव रॉली क्रम्प यांचे. फ्लोरिडाच्या वाड्यात हे भूत कधीच नव्हते. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर चार महिन्यांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, तिथेही ते राहायला आले, आणि आता बग्गी अंधाऱ्या बोळाशी वळली की ते पेटी पुढे करून उभे असलेले दिसते.